अग्निशमन दलात महिलांचा टक्का: आकडा नेमका कुठे लावायचा?

मुंबई अग्निशमन दलाच्या २०२३ च्या भरतीत फायरमनच्या ९१० जागा होत्या. समांतर आरक्षणाच्या, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच महिलांसाठी राखलेल्या, ३० टक्क्यांनी त्यातल्या २७३ महिलांच्या. उंचीची अट पुरुषांना १७२ सेंटीमीटर, महिलांना १६२. फेब्रुवारीत दहिसरच्या मैदानावर, उंची भरत असूनही बाहेर काढलं असा आरोप करत मुलींनी आंदोलन केलं, पोलीस मध्ये पडले, बातम्या झाल्या. चर्चा मात्र मोजणी नीट झाली की नाही, एवढ्यावरच अडकली.

त्या दिवशी कुणाची मोजणी बरोबर होती हे बाजूला ठेवू. १६२ सेंटीमीटरची व्यक्ती हे काम करू शकते, असं जाहिरातच सांगते. मग १७० सेंटीमीटरच्या मुलाला घरी का पाठवायचं? आणि कामाला खरोखरच १७२ लागत असतील, तर १६२ कशी चालतात? याचा सरळ अर्थ असा, की उंचीची अट कामावरून काढलेलीच नाही. गर्दी कमी करायला ती सोयीची पडते, म्हणून टिकून आहे.

शिवाय ज्याला लोक महिलांना दिलेली सवलत म्हणतात, ती सवलत आहे का, तेही पाहा. देशात स्त्रियांची सरासरी उंची १५२ च्या आसपास, पुरुषांची १६५ च्या आसपास. म्हणजे पुरुषाकडून सरासरीपेक्षा सातेक सेंटीमीटर जास्त मागतात आणि बाईकडून दहा. माणसाची उंची सकाळी सर्वांत जास्त असते. दिवसभर उभं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सेंटीमीटरभर, कधी त्याहून जास्त उंची कमी भरते. पहाटेपासून रांगेत उभी असलेली मुलगी दुपारी मोजली, तर अर्ध्या सेंटीमीटरने बाद होऊ शकते. उंची मोजायचीच असेल तर सगळ्यांची सकाळच्या सत्रात, भिंतीला पक्क्या बसवलेल्या मोजपट्टीवर आणि दोनदा मोजावी.

आता कामाकडे येऊ. ६३ मिलिमीटरच्या ३० मीटर होजमध्ये, म्हणजे आग विझवायच्या लांब नळीत, पाणी भरलं की नुसतं पाणीच ९३ किलोच्या आसपास होतं. असा चार्ज झालेला होज जिन्याने वर ओढणं एकट्या पुरुषालाही जमत नाही. म्हणून होज पाण्याविना कोरा वर न्यायचा, दाराशी वळसे घालून ठेवायचा आणि मग पाणी मागायचं, अशी पद्धत आहे. होजच्या टोकाला हातात धरायची नळी म्हणजे ब्रांच. तिचं नोझल २० मिलिमीटरचं आणि दाब ५ बार असेल, तर मागे ढकलणारा जोर साधारण ३२ किलोचा येतो. तो पेलायला ब्रांचवर दोघं लागतात आणि उभं राहण्याची पद्धत शिकावी लागते. ३५ फुटी एक्स्टेन्शन शिडीही एकट्याने उभी करायची वस्तू नाही, ते पथकाचं काम. दंडाच्या जोरावर आग विझते हा समज बाहेरच्यांचा.

तरीही ताकद लागतेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. कॉम्पोझिट सिलिंडरचा बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर घ्यायचं हवेचं सिलिंडर आणि मुखवटा, १०-१२ किलोचा. त्यात फायर सूट, हेल्मेट, बूट धरले की अंगावर वीसेक किलो चढतात. ७५ किलोच्या माणसाला हा भार स्वतःच्या वजनाच्या पाव भागाहून थोडा जास्त, ५० किलोच्या व्यक्तीला ४० टक्के. उंचीपेक्षा खरी अडचण इथे आहे. ब्रिटनमध्ये अग्निशामकांसाठी ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेचं प्रमाण दर किलो वजनामागे मिनिटाला ४२.३ मिलिलिटर असं सुचवलेलं आहे. पण ते ‘दर किलो’ असल्यामुळे हलक्या माणसाला त्यात थोडा फायदा मिळतो. अंगावरचा सेट काही त्याच्या वजनाप्रमाणे हलका होत नाही. म्हणून नुसतं धावण्यावर भागत नाही. चाचणी भार अंगावर घेऊनच व्हायला हवी.

तशा चाचण्या आहेत. ब्रिटनमध्ये ५५ किलोची मानवाकृती (माणसाच्या आकाराचा वजनदार पुतळा) ३० मीटर, उलटं चालत, ४१ सेकंदांत ओढायची. शिडी गाडीवर चढवण्याच्या कामासाठी ३० किलोचा भार १.८२ मीटर उंचीपर्यंत उचलायचा. अमेरिकेत १९९९ पासून वापरात आलेल्या चाचणीत साडेबावीस किलोचं जाकीट अंगावर असतं. जिन्याच्या टप्प्याला त्यावर आणखी ११ किलो चढवतात, आणि आठ कामं सलग १० मिनिटं २० सेकंदांत संपवायची. मानवाकृती तिथे ७५ किलोची. दोन्हीकडे बाई-पुरुष सगळ्यांना एकच वजन, एकच वेळ.

आणि दोन्हीकडे मानवाकृती ओढायची आहे, खांद्यावर घ्यायची नाही. धुराने भरलेल्या खोलीत गरम थर छताकडे असतो. माणसाला खांद्यावर टाकून उभं राहिलात, तर तुमचं आणि त्याचं डोकं त्याच थरात जातं. बाहेर काढायचं ते खाली वाकून, काखेत हात घालून, ओढत. आपल्याकडच्या मैदानी चाचण्यांत मानवाकृती खांद्यावर घेऊन धावायला लावतात तेव्हा मोजला जातो खांदा, बचाव मोजला जात नाही. अशा प्रकारात उंच, रुंद खांद्याच्या मुलाचा फायदा होतो. कामात तो तितका नसतो.

न्यूयॉर्कला हा धडा कोर्टात शिकावा लागला. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या शारीरिक चाचणीत सगळ्या महिला नापास झाल्या. त्यांच्यापैकीच एक, ब्रेंडा बर्कमन, यांनी शहरावर खटला भरला आणि १९८२ मध्ये कोर्टाने ठरवलं, की त्या चाचणीचा कामाशी संबंध सिद्ध होत नाही. चाचणी बदलली आणि त्याच वर्षी चाळीसेक महिला दलात आल्या. खटल्यातला एक मुद्दा आपल्याला थेट लागू पडतो. तिथे उमेदवारांना वेगाप्रमाणे क्रम लावत होते. कामाला पुरेल इतकी क्षमता आहे की नाही, हा एक प्रश्न. त्या क्षमतेच्या वर कोण किती सेकंद पुढे, हा दुसरा. दुसऱ्यासाठी गुण वाटले की कामाला पुरेशी असलेली मुलगी गुणवत्ता यादीत तळाला जाते. मैदानी चाचणी पास-नापास ठेवावी आणि क्रम लावायचा तो लेखी परीक्षेवर.

मग टक्का हवा की नको? हवा, असं माझं मत. पण तो पास झालेल्यांतून निवड करताना लावायचा, पास होण्याच्या रेषेला नाही. महिलांसाठी मानवाकृतीचं वजन कमी केलं, तर सोबतच्या जवानाच्या मनात शंका राहणार, आणि ती शंका अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. तिचा त्रास सर्वांत जास्त त्या मुलीलाच, आणि जी मुलगी पूर्ण वजन ओढू शकते तिलाही. ‘अडकलेल्या बायकांना बाईच बरी पडते’ हे टक्क्याच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं कारण मला कधीच पटलेलं नाही. धुरात कोणी विचारत नाही. खरं कारण साधं आहे: हे काम करू शकणाऱ्या मुली आहेत, त्या अर्जच करत नाहीत, आणि जागा राखून ठेवल्याशिवाय करणारही नाहीत.

आपल्या समांतर आरक्षणात एक गळती आहे. त्या त्या प्रवर्गात पात्र महिला मिळाल्या नाहीत, तर त्या जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषांकडे जातात. पुढच्या भरतीसाठी राखून राहत नाहीत. म्हणजे जाहिरातीत ३० टक्के आणि हजेरीपटावर किती, हे पूर्णपणे मैदानावरच्या निकालावर. यावर उपाय रेषा खाली आणणं नव्हे, मुलींना आधी सराव देणं. अमेरिकेतल्या त्या चाचणीत परीक्षेआधीच्या आठ आठवड्यांत प्रत्यक्ष साहित्यावर ओळख-सत्रं आणि वेळ लावून सराव देण्याची सोय ठेवतात. आपल्याकडे बहुतेक मुली मानवाकृतीला पहिला हात लावतात तो परीक्षेच्याच दिवशी. ती कंबरेतून वाकून, हातांनी उचलायला जातात आणि अडकतात. गुडघे वाकवून, मानवाकृती छातीशी घट्ट धरून, पायांच्या जोरावर मागे सरकायचं, हे कुणी दोन दिवस दाखवलं तरी फरक पडतो. हाताची पकड आणि पाठीची ताकद वाढायला मात्र तीनेक महिने लागतात. म्हणून जाहिरात आणि मैदान यांत तेवढं अंतर हवं.

टक्का कशाचा, हेही आधी ठरवावं लागतं. ब्रिटनमध्ये १९९९ साली सरकारने लक्ष्य ठेवलं: दहा वर्षांत प्रत्यक्ष आगीवर जाणाऱ्यांत १५ टक्के महिला. २००९ उजाडलं तेव्हा प्रमाण पाच टक्क्यांच्याही आत होतं. सोपं गणित करून पाहा. हजार जवानांचं दल, त्यात ३० महिला, वर्षाला ४० जागा भरतात. दहा वर्षांत ४०० जागा. १५ टक्क्यांवर जायला आणखी १२० महिला हव्यात, म्हणजे दर भरतीत ३० टक्के, तेही एकीनेही नोकरी सोडली नाही तर. भरती वर्षानुवर्षं रखडते तिथे तर एकूण संख्येचं लक्ष्य कागदावरच राहतं. आकडा भरतीला लावा, आणि दुसरा आकडा पाच वर्षांनी मोजा: त्यातल्या किती अजून गाडीवर आहेत आणि किती नियंत्रण कक्षात फोन घेत बसल्यात.

त्या गाडीवर टिकतात की नाही, हे बरंचसं खरेदी विभागावर असतं. निविदेत सूट आणि हातमोजे मोठ्या मापांत एकगठ्ठा मागवले की लहान हाताच्या माणसाला दोराची गाठ मारता येत नाही. सैल बूट शिडीच्या पायरीवर वळतो. सर्वांत घातक म्हणजे बीएचा मुखवटा. तो आतून जास्त दाबाचा असतो, त्यामुळे हनुवटीशी फट राहिली तर धूर सहसा आत शिरत नाही, पण हवा सतत बाहेर गळते. ६.८ लिटरचं सिलिंडर ३०० बारला भरलं की साधारण दोन हजार लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरलं तर पन्नासेक मिनिटं, पण जोराच्या कामात ६० च्या पुढे जाते आणि अर्ध्या तासात हवा संपत आल्याची शिटी वाजते. त्यात गळती धरा. मग पथकात चर्चा होते, की ‘बायकांची हवा लवकर संपते’. मुखवटे लहान, मध्यम, मोठे असे तिन्ही मापांत मिळतात. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर गळती-चाचणी करून माप नोंदवलं, की पुरुषांतले बारीक चेहऱ्याचे जवानही सुटतात.

नेमणुकीत एक नेहमीची चूक होते: आलेल्या महिला प्रत्येक केंद्रावर एकेक वाटून देणं. कागदावर सगळीकडे महिला दिसतात. प्रत्यक्षात एकटीसाठी वेगळं शौचालय आणि विश्रांतीची खोली होत नाही, रात्रपाळीला तिला ठेवायचं टाळतात, आणि रात्रीच्या वर्द्या, म्हणजे आगीचे कॉल, न मिळाल्याने तिचा अनुभव मागे राहतो. पाच वर्षांनी लीडिंग फायरमनची बढती आली की ‘अनुभव कमी’ हे कारण तयार. कमी केंद्रं निवडून तिथे एका पाळीत किमान तिघी ठेवाव्यात.

बाळंतपणाच्या रजेचा हिशेबही भरतीच्या वेळीच मांडायला हवा. पाळीचं संख्याबळ काठावर असेल तर एक रजा गेली की गाडी अपुऱ्या माणसांनी निघते आणि राग त्या बाईवर निघतो. राखीव मनुष्यबळ ठेवलेलं नसतं, ही चूक तिची नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामातला घातक घटकांशी येणारा संपर्क कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. सूटवरची काजळी सगळ्यांनाच बाधते, गरोदर बाईला तर ती टाळायलाच हवी. त्यामुळे तिने कळवल्या दिवसापासून इमारत-तपासणी किंवा प्रशिक्षणाचं काम, वेतन आणि ज्येष्ठता तीच. आणि परत आल्यावर थेट वर्दीवर नाही, आधी काही आठवडे सराव, मग बीए घालून तीच चाचणी, तेच वजन, तीच वेळ.