काहून आणि काढून

"मॅडम, तुम्हाला जे सुचतं ते वहीत लिहिता की मोबाइलवर?" केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारी बसलेली नवी शिक्षिका हे विचारते, अमरावतीची पुतणी विचारते, मागे चौथीतल्या एका पोट्ट्यानंही विचारलं. मी दर वेळी "दोन्हीकडे" म्हणून सुटका करून घेते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. पुन्हा विचारलंत म्हणून या वेळी जरा नीट सांगते.

मी चांदूर बाजार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. घरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आहे, थोडी संत्र्याची बाग आहे. सुटीच्या दिवशी वावरात असते आणि रात्री जमेल तसं कथा लिहिते. त्या कथांना लागणारं बहुतेक सगळं मला कापूस वेचताना नाहीतर निंदताना मिळतं, बायांच्या बोलण्यातून. टेबलाशी बसून आजवर एक धड ओळ सुचलेली नाही.

आता वावरात लिहायचं कशावर? साडीला खिसा नसतो. पण आमच्याकडे कामाला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवते. ऊन लागू नये, पऱ्हाटीच्या काड्यांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. त्या शर्टाला खिसा असतो आणि माझी वही त्या खिशाच्या मापाची आहे. कमरेला कापसाची ओटी, बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं सोललेली, अशा हाताचा ठसा मोबाइलला ओळखूच येत नाही. उन्हाळ्यात आणखी निराळं. पारा 45 च्या वर गेला की तो तापून बंद पडतो, आणि उन्हात काचेवरचं दिसतही नाही.

ही झाली वरवरची कारणं. लिंबाच्या सावलीत बसून मोबाइलवर लिहिता येतं, आणि बरीच वर्षं मी तेच करत होते. वहीकडे परत वळले ती एका जात्यामुळे.

तीन वर्षांपूर्वी सीतादहीचा दिवस होता. कापसाची पहिली वेचणी सुरू करताना वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो दिवस. आमच्यात वेचायला येणारी एक आजी आहे, सत्तरी ओलांडलेली. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भाकरी सोडून बसलो होतो. आजीचा थोरला मुलगा नागपूरला असतो. तो पोळ्याला आला आणि जाताना घरचं जातं गाडीत घालून घेऊन गेला, असं ती सांगत होती. मग म्हणाली, "जातं काहून नेलं त्यानं?" आणि पुढचा घास मोडला. 'काहून' म्हणजे आमच्याकडे 'का, कशाला'. एवढंच. मला ते वाक्य फार लागलं. हात धुतले आणि लगेच मोबाइलवर लिहून टाकलं.

चार महिन्यांनी कथेला काही सापडतं का म्हणून टिपणं चाळली. तिथे होतं, "जातं काढून नेलं त्यानं." कीबोर्डला 'काहून' माहीत नव्हतं. त्यानं आपल्या ओळखीचा शब्द बसवला, आणि मीही मागं वळून न बघता मोबाइल खिशात टाकला होता. फरक एका अक्षराचा, 'ह' चा 'ढ' झालेला. पण आजीनं प्रश्न विचारला होता आणि मोबाइलमध्ये तिची तक्रार नोंदली गेली होती. मला ते तेव्हा कळलंच नाही. त्या तक्रारीवर मी सात पानं कथा लिहिली. पहारीनं जातं उकरून नेणारा शहरी मुलगा, रिकाम्या खड्ड्याकडे बघत बसलेली आई. खोटं कशाला बोलू, कथा मला भारी आवडली होती.

एका रविवारी ती आजीला वाचून दाखवली. आधी ती पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "अवं माय, काढून काहून नेईन तो? मीच देल्लं त्याले. मी तं इचारत होती. पीठ तं तो गिरणीतून आनते, मंग जातं काहून नेलं त्यानं?" मुलानं ते फ्लॅटच्या गॅलरीत ठेवलंय, वर तुळशीची कुंडी. त्याला आईचं जातं जवळ हवं होतं आणि आईला ते कोडं पडलं होतं. माझ्या सात पानांपेक्षा ही गोष्ट कितीतरी पटीनं चांगली होती, आणि ती मी हातानं घालवली होती. मी निघाले तर मागून म्हणाली, "लिव बापा, पन काहूनच लिवजो."

तेव्हा लक्षात आलं की हे एका शब्दापुरतं नव्हतं. जुनी टिपणं तपासली तर बायांच्या तोंडचं 'पानी' सगळीकडे 'पाणी' झालेलं, 'मले' चं 'मला' झालेलं. वऱ्हाडी बाई पुण्याची वाटायला लागली होती. अर्थात शाळेत मी स्वतः पोरांच्या वहीत 'पानी' खाली लाल रेघ मारते, तेव्हा मोबाइलवर चिडायचा मला किती हक्क आहे, हे तुम्हीच ठरवा.

आमच्या इथून रिद्धपूर जवळ आहे. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालंय, पण मला त्या गावाचं अप्रूप म्हाइंभटांमुळे. तेराव्या शतकात त्यांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्यांचं 'लीळाचरित्र' झालं. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून, विचारून केलेलं काम आहे ते. एकाच प्रसंगाची दुसऱ्या कुणाला वेगळी आठवण असली तर तिला 'वासना' म्हणत आणि तीही लिहून ठेवत. मूळ पोथी पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी आठवणीतून पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. एसटीतून रिद्धपूरची पाटी दिसली की मला माझी ती सात पानं आठवतात. आजी माझ्यापासून चार घरं पलीकडे राहते. लिहिण्याआधी जाऊन विचारायला काय झालं होतं?

वहीचे गोडवे गातेय असं मात्र समजू नका. माझ्या दोन वह्या देवळीत ठेवल्या होत्या, त्या उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ल्या. एकीचा नुसता पुठ्ठा उरला. एकदा मृगाच्या पावसात खिसा भिजला आणि जेल पेनची शाई पानभर पसरली. आठवडाभराचं ऐकलेलं सगळं निळं. तेव्हापासून पेन्सिल. शिसं पाण्यात विरघळत नाही. आणि वहीत शोधणं म्हणजे तर शिक्षाच. आंबिया बहारासाठी, म्हणजे संत्र्याच्या हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, बागेचं पाणी कधी तोडलं, ताण किती दिवस दिला, पाणी परत कधी सोडलं, हे दर वर्षी लागतं. ते सगळं मोबाइलमध्ये. फवारणीच्या औषधाचं बिल, खताच्या तारखा, मजुरीचा हिशेब, तेही तिथेच. आकडे काही वऱ्हाडी नसतात, ते बिघडत नाहीत.

गाण्यांनाही मोबाइलच लागतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई असते. पोरी गाणी म्हणतात, त्यांची चाल पेन्सिलनं कशी धरणार? रेकॉर्ड करते. पण मग ती ऐकायची कुणी? 'नवीन 47', 'नवीन 48' अशा नावांची दीडशेवर रेकॉर्डिंगं माझ्याकडे साचलीत, कुठलं कुठल्या अंगणातलं ते देवाला ठाऊक. आता बटण दाबलं की आधी मोठ्यानं तारीख, गाव आणि कुणाचं अंगण ते बोलते. पोरी हसतात. हसू देत.

बटणांच्या फोनची आठवण सांगायलाच हवी. तेव्हा मी सुचलेलं मेसेजच्या मसुद्यात ठेवायची. देवनागरीत 70 अक्षरांत मेसेज भरायचा, रोमनमध्ये 160 मिळायची, म्हणून कंजूषपणे रोमनमध्ये लिहायची. आता त्यातलं एक टिपण वाचताना 'म्हातारी रात्रभर वाट पाहत बसली' की 'वात पाहत बसली' ते कळत नाही, रोमनमध्ये मी ट आणि त एकाच अक्षरानं लिहायची. दोन्ही अर्थ चालतात, हीच तर पंचाईत. त्या म्हातारीला विचारायची सोय आता राहिली नाही.

सध्या असं चालतं. वहीच्या उजव्या पानावर फक्त ऐकलेलं, जसं कानावर आलं तसं, कुणी म्हटलं आणि कुठे ते धरून. डावं पान कोरं. शंका असली तर त्या माणसाला पुन्हा विचारून त्याचं उत्तर डावीकडे लिहिते. मला काय वाटलं तेही डावीकडेच. रविवारी संध्याकाळी पानाचा फोटो काढते आणि त्याखाली मोबाइलवर दोन-तीन शब्द टाकते: जातं, पोळा, आजी. म्हणजे शोधायला मोबाइल आणि वाचायला माझं अक्षर. कीबोर्डच्या शब्दकोशात 'काहून', 'मले', 'उल्लीसा' (म्हणजे थोडासा) घातलेत. मागच्या वर्षी फोन बदलला तेव्हा सगळे गेले, पुन्हा एकेक शिकवले. काही रविवार चुकतात. तूर काढणीच्या महिन्यात तर सगळेच.

वही कोणती, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. किराणा दुकानात मिळते ती, शिवलेली. स्प्रिंगची घेऊ नका, स्प्रिंगेत कापसाचे तंतू अडकून बसतात. पेन्सिल मी दोऱ्यानं शर्टाच्या काजाला बांधते. टोक मोडलं तर विळ्यानं करते, वावरात विळा कुणाकडेही मिळतो.