जामीन झालाय, मग मी आत कसा?

कॉलेजात जामिनाचा युक्तिवाद कसा करायचा ते शिकले होते. पण आदेश झाल्यावरही माणूस महिनोन्महिने तुरुंगातच राहू शकतो, हे मला वकिलीत आल्यावर कळलं.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे मी कारागृहात बंद्यांना भेटायला जाते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या कुणालाही, त्याची कमाई कितीही असली तरी, मोफत वकील मिळतो. अशाच एका भेटीत बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारा एक माणूस समोर येऊन बसला. परराज्यातला. चोरीचा आरोप, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७९. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, माझा जामीन झालाय म्हणतात. मग मी आत कसा?"

कोर्टातून आदेशाची प्रत काढली. जामीन खरंच कधीचाच झाला होता. अट होती स्थानिक जामीनदाराची. या शहरात त्याला ओळखणारा म्हणजे त्याचा मुकादम, आणि अटकेनंतर तो फिरकलाही नव्हता. गावाकडचा भाऊ यायला तयार होता, पण त्याची जमीन दुसऱ्या राज्यात. आधीच्या वकिलांचं काम आदेशापाशी संपलं होतं. या व्यवसायात सर्रास असंच चालतं, आणि मला ते मुळीच पटत नाही. पक्षकाराला सुटका हवी असते. आदेशाचा कागद घेऊन तो काय करणार?

कलम ३७९ ला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली, आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याच्या सुटकेचा मुद्दा घेता येतो. म्हणजे इथे एक वर्ष. ते भरायला अजून अवकाश होता, आणि तेवढं तरी त्याने का थांबावं? मी अट बदलण्याचा अर्ज टाकला.

सुनावणीला सरकारी वकिलांनी अपेक्षित हरकत घेतली: आरोपी बाहेरचा आहे, सोडला तर पुन्हा सापडणार नाही. मी मोती राम खटल्याचा निकाल पुढे ठेवला. १९७८ चा. त्यातला आरोपीही बांधकामावरचाच, गवंडी होता. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्यांनी भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. तो निकाल आधी वाचलेला होता, पण त्या दिवशी उभं राहून सांगताना त्याच्या प्रत्येक ओळीमागे मला भेटीच्या खोलीतला तो माणूस दिसत होता. जोडीला ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश: आदेशानंतर महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही, तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे, हेही त्यात म्हटलंय.

न्यायाधीशसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, आरोपीचा पूर्वेतिहास विचारला. नव्हताच. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याचा आदेश झाला.

मग मी तिथेच थांबले. मुचलक्याची कागदपत्रं, सुटकेचं पत्र, त्यावरची सही, ते कारागृहाकडे गेलं की नाही, सगळं पाहिलं. यातल्या एका टेबलावर कागद अडला तर आणखी एक रात्र आत जाते. संध्याकाळी कारागृहातून फोन आला, माणूस बाहेर पडला होता.

पळून जाईल म्हणून ज्याच्याबद्दल हरकत होती, तो पुढच्या तारखेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, पुकारायच्या आधी कोर्टाबाहेर हजर होता, भावाला घेऊन. खटला अजून चालायचा आहे. चोरी त्याने केली की नाही हे पुराव्यावर ठरेल, आणि तेव्हाही मीच उभी राहणार आहे. आता कारागृहात गेले की प्रत्येक बंद्याला मी आधी विचारते, जामीन झालाय का आणि झाला असेल तर कोणत्या अटीवर. त्यातून निघालेले दोन अर्ज सध्या माझ्या टेबलावर आहेत.