आयोचं ग्रहण 8 मिनिटं 40 सेकंद उशिरा सुटलं

गुरूपासून निघालेला प्रकाश वाटेत किती वेळ घेतो, हे गच्चीवरून पकडायचं असं जानेवारीत ठरवलं होतं. पकडलं, पण निसटता निसटता.

पद्धत जुनीच, डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरची. गुरूचा चंद्र आयो गुरूच्या सावलीतून बाहेर येतो, म्हणजे त्याचं ग्रहण सुटतं, तो क्षण टिपायचा. दोन ग्रहणांमध्ये सरासरी 42 तास 28 मिनिटं 36 सेकंद जातात. अशा 52 फेऱ्यांचे होतात 92 दिवस 47 मिनिटं, म्हणजे दोन्ही ग्रहणं जेवणं आटोपल्यावरच्या वेळेला. (पहाटे अडीचला उठणं आता माझ्याच्याने होत नाही.)

गुरू होता तिथेच राहिला असता, तर हिशेब जुळला असता. पण 10 जानेवारीच्या प्रतियुतीनंतर (तेव्हा पृथ्वी सूर्य आणि गुरूच्या मधोमध असते) आपण त्याच्यापासून लांब चाललो होतो. एप्रिलअखेरपर्यंत अंतर सुमारे 18 कोटी किलोमीटरने वाढलं, म्हणजे ग्रहण 10 मिनिटं उशिरा सुटायला हवं. रोमरनेही 1676 साली नोव्हेंबरच्या एका ग्रहणाला 10 मिनिटांचाच उशीर होईल असं आधी सांगून ठेवलं होतं. हा योगायोग मला भारी आवडला.

मला मिळाली 8 मिनिटं 40 सेकंद. प्रकाशाचे मिनिटाला 1 कोटी 80 लाख किलोमीटर धरले तर 15 कोटी 60 लाख. उरलेले 2 कोटी 40 लाख कुठे गेले?

चूक जानेवारीतली असावी. आयो साधारण 3,640 किलोमीटर रुंद आणि वेग सेकंदाला 17 किलोमीटर, त्यामुळे तो पूर्ण उजळायला साडेतीन मिनिटं लागतात. प्रतियुतीच्या जवळपास तो गुरूच्या अगदी कडेला चिकटून उगवतो. सहा इंची डॉबमध्ये (डॉब्सोनियन दुर्बिणीत) गुरूचा झगमगाट इतका, की ठिपका आहे की भास हेच कळेना. रेकॉर्डिंगमध्ये मी आधी ‘दिसला’, मग ‘नाही नाही’, मग पुन्हा ‘दिसला’ म्हणतोय. मी शेवटचा धरला, तो बहुधा मिनिटभर उशिराचा होता. एप्रिलमध्ये कडेपासून चांगलं अंतर होतं, एकाच दमात ‘दिसला’.

फेब्रुवारी-मार्चच्या नोंदी तीनच आणि त्यातली एक ढगांनी खाल्लेली, त्यामुळे आलेख काढलेला नाही.

जुलैअखेर गुरू सूर्यामागे जाईल. त्यानंतर पहाटेच्या आकाशात आयोचं ग्रहण फक्त लागताना दिसतं, सुटताना नाही. गजर लावावाच लागणार. या वेळी गुरूला आयपीसच्या (दुर्बिणीत डोळा लावतो त्या भिंगाच्या) चौकटीबाहेर सरकवून बघेन. कुणी असं केलं असेल तर कितपत जमलं ते सांगा.