द्राक्षाचा मणी का तडकतो : आमच्या चर्चासत्राची तयारी

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या आमच्या कॉलेजात आम्ही विद्यार्थ्यांनीच जीवभौतिकीचं एक दिवसाचं चर्चासत्र भरवलं. परवानगीचं फार अवघड गेलं नाही. भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र अशा दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्यांचा एकच अर्ज प्राचार्यांकडे दिला, हॉल मिळाला.

खरा कस लागला सादरीकरणांचे सारांश निवडताना. फिजिक्सवाल्यांचे सारांश समीकरणांनी गच्च, बॉटनीवाल्यांचे शास्त्रीय नावांनी. शेवटी ठरवलं, प्रत्येकाने तालीम दुसऱ्या विभागातल्या मुलांसमोर करायची आणि कळलं नाही की त्यांनी तिथेच थांबवायचं. कुणी चर्चासत्र भरवणार असेल तर बाकी काही करा न करा, एवढं नक्की करा.

द्राक्षाच्या पोस्टरचंच बघा. अवकाळी पाऊस झाला की तयार मणी तडकतात, हे दिंडोरी-निफाडकडे घराघरात ठाऊक. आमच्या मित्राने फळ्यावर हिशेब मांडला : लिटरभर रसात 200 ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज धरलं, तर 25 अंश सेल्सिअसला परासरण दाब (साखरेच्या द्रावणाकडे पाणी ओढलं जातं, त्यातून येणारा दाब) हवेच्या दाबाच्या सुमारे 27 पट येतो. बॉटनीची मैत्रीण लगेच उठली.

"अरे, पिकताना साखर पेशीच्या बाहेरही साठते. आतबाहेरचा फरकच कमी होतो, म्हणून पेशींवरचा दाब उतरतो. पिकलेला मणी मऊ का लागतो मग?"

त्याने 27 पुसलं नाही. बाहेर शुद्ध पाणी असेल तेव्हाची ती कमाल मर्यादा, असं शेजारी लिहिलं. मग दोघांनी मिळून सालीकडे मोर्चा वळवला. मणी गोल धरला तर सालीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले सालीच्या जाडीची दुप्पट. दोन विषय एकत्र आल्याचं उदाहरण म्हणून जी. एन. रामचंद्रन यांचं नाव घेतात : ते मूळचे भौतिकशास्त्राचे, आणि 1963 साली त्यांच्याच मद्रासच्या गटाने प्रथिनांची साखळी कशी वळू शकते हे दाखवणारा आलेख दिला. उद्घाटनाच्या भाषणात हे ऐकलं होतंच, पण दोन विषय एकत्र येतात म्हणजे काय होतं ते मला त्या फळ्यापाशी दिसलं.

चर्चासत्रात बागायतदाराच्या मुलाने विचारलं, "जीए, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड हे वाढीचं संप्रेरक, देऊन मणी फुगवला, तर साल जास्त ताणणार ना?" सूत्रानुसार हो, पण मणी वाढताना सालीची जाडी किती बदलते, हे आमच्यापैकी कुणी मोजलं नव्हतं. आता बॉटनीच्या सूक्ष्मदर्शकाखाली सालीचे छेद घेणं सुरू आहे आणि त्याच्याच बागेतून, जीए दिलेले आणि न दिलेले, दोन्ही घड येतात.