फ्लॅननच्या दिव्याची खरी गोष्ट

१५ डिसेंबर, रात्री

भाच्याने आज मोबाइलवर फ्लॅनन दीपगृहाचा व्हिडिओ दाखवला. स्कॉटलंडच्या लुईस बेटापासून तीसेक किलोमीटर पश्चिमेला, भर अटलांटिकमधला एक उंच कातळ, आणि १९०० सालच्या याच दिवसांत तिथून नाहीसे झालेले तीन राखणदार: ड्यूकॅट, मार्शल, मॅकआर्थर. व्हिडिओत न जेवलेलं ताट, उलटी पडलेली खुर्ची, राखणदार रडत असल्याच्या नोंदवहीतल्या नोंदी, सगळं होतं. मला राहवेना. यातलं काहीच खरं नाही. ताट-खुर्ची नंतरच्या एका कवितेतली, आणि त्या नोंदीही मागाहून कुणीतरी रचलेल्या.

खरं आहे ते त्याहून जीव हलवणारं. २६ डिसेंबरला पाळी बदलायला आलेला जोसेफ मूर वर चढला, तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी लख्ख होती. दिवा पुसलेला, तेल भरलेलं. पाटीवरची शेवटची नोंद १५ तारखेच्या सकाळी नऊची. माझी आजी दुपारीच कंदिलाची काच राखेने पुसून घासलेट भरून ठेवायची, तशी रात्रीची तयारी सकाळीच करून ही माणसं बाहेर पडली होती. मॅकआर्थरचा कोटही घरातच राहिलेला. पश्चिमेच्या धक्क्याकडे समुद्रापासून ११० फूट उंचीवर ठेवलेली दोरखंडांची पेटी फुटली होती, लोखंडी कठडे पिळवटले होते. तिघांना लाटेनेच नेलं, असा तपास करणाऱ्या म्युअरहेड यांचा निष्कर्ष. मूरने मात्र त्याच संध्याकाळी वेळेवर दिवा लावला! हे व्हिडिओवाले का सांगत नाहीत?

म्युअरहेड ७ डिसेंबरलाच बेटावर जाऊन आले होते. या तिघांशी हात मिळवणारा शेवटचा माणूस मीच, असं त्यांनी अहवालात लिहिलंय. वाचताना त्या वाक्याशी मी दर वेळी अडखळते.

२८ सप्टेंबर १९७१ पासून तिथे कुणी राहत नाही. दिवा आपोआप लागतो, दर तीस सेकंदांनी दोनदा लखलखतो. त्याच्यावर एडिंबरातून लक्ष असतं, दुरुस्तीला माणसं हेलिकॉप्टरने येऊन परत जातात. दीपगृहं ओस पडली म्हणून पुष्कळ जण हळहळतात. मला तसं वाटत नाही. ड्यूकॅटच्या मागे बायको आणि चार मुलं राहिली, मॅकआर्थरच्या मागे बायको आणि दोन. आता त्या दिव्यापायी कुणाच्या घरी तशी बातमी जात नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.