विंडोज नवे, पासवर्ड जुनाच, तरी बॅकअप उघडत नाही

विंडोज नव्याने टाकले तरी डी ड्राइव्हवरच्या फाइली सुरक्षित राहतात, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. मात्र त्या फाइली एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे गुप्त लिपीत बदलून कुलूपबंद केलेल्या असतील, तर फाइल जागच्या जागी असूनही ती उघडणारी किल्ली सी ड्राइव्हबरोबर पुसली गेलेली असू शकते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका गावात मी एमएस-सीआयटीचे केंद्र चालवतो, त्यामुळे आजूबाजूच्या गावांतले बिघडलेले संगणकही माझ्याकडे येतात. गेल्या खरिपाच्या तोंडावर एका कृषी सेवा केंद्राचा संगणक आला आणि त्यात या विषयाच्या बहुतेक सगळ्या गाठी एकाच ठिकाणी सापडल्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या भागात बियाणे, खत आणि फवारणीची औषधे जूनमध्ये उधारीवर उचलली जातात आणि कापूस विकला गेल्यावर खाते मिटते. या दुकानाचा उधारीचा हिशोब मालकांचा पुतण्या संगणकावर ठेवतो. दुकानात येणारा कोणीही सातबाऱ्याची प्रत काढायला त्याच संगणकावर बसतो आणि कोणाकडे किती थकले आहे हे गावात पसरले, तर गिऱ्हाईकही तुटते आणि सोयरीकही. म्हणून त्याने हिशोबाच्या बॅकअपचा फोल्डर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एन्क्रिप्ट करून ठेवला होता. खबरदारी योग्यच होती. पुढे विजेच्या चढउताराने विंडोज सुरू होईनासे झाले, दुरुस्तीच्या दुकानातून ते नव्याने टाकून आणले, आणि बॅकअपच्या फाइलींची नावे दिसत असूनही दोनदा क्लिक केल्यावर परवानगी नाकारल्याचा संदेश येऊ लागला.

मालक हातात पासवर्ड लिहिलेला कागद घेऊनच आले होते. "सर, पासवर्ड तं तोच हाये, नावबी तेच टाकलं, मंग हे उघडून काहून नाही राह्यलं?"

त्याचे उत्तर या एन्क्रिप्शनच्या रचनेत आहे. विंडोज २००० पासून आलेली ही सोय ईएफएस या नावाने ओळखली जाते आणि ती होम आवृत्तीत मिळत नाही, प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांतच मिळते. यात प्रत्येक फाइलसाठी एक स्वतंत्र किल्ली तयार होते, ती किल्ली वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रातील, म्हणजे डिजिटल ओळखपत्रातील, सार्वजनिक किल्लीने बंद करून फाइलबरोबरच साठवली जाते, आणि ती उघडणारी खासगी किल्ली मात्र सी ड्राइव्हवरच्या वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये राहते. ती खासगी किल्लीही उघडी पडलेली नसते. तिच्यावर लॉगिनच्या पासवर्डाचे आणि त्या खात्याच्या एसआयडी या अंतर्गत ओळख क्रमांकाचे संरक्षण असते. नव्या विंडोजवर त्याच नावाचे खाते त्याच पासवर्डाने उघडले तरी त्याला एसआयडी नवा मिळतो आणि जुनी खासगी किल्ली त्याच्याकडे नसतेच. पासवर्ड बरोबर असूनही उपयोग होत नाही तो यामुळे. विशेष म्हणजे विंडोज स्वतः तयार करते त्या ईएफएस प्रमाणपत्राची मुदत १०० वर्षांची असते; संगणकाने तेवढी साथ द्यावी अशी अपेक्षा कोणी कशाच्या बळावर ठेवली असेल, कोण जाणे.

दुरुस्तीच्या दुकानात फाइलींची ओनरशिप, म्हणजे मालकी, बदलून पाहिली होती. हा प्रयोग जवळपास प्रत्येकजण करतो आणि तो निरुपयोगी आहे, कारण परवानगी आणि एन्क्रिप्शन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोदामाचा सातबारा नावावर झाला म्हणून त्याच्या कुलपाची किल्ली आपोआप हाती येत नाही.

अशा वेळी पहिले काम म्हणजे तो संगणक वापरणे थांबवणे आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घेणे. याचे कारण असे की विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह फॉरमॅट केला नसेल, तर जुनी सगळी व्यवस्था विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये सरकवलेली असते आणि विंडोज १० तो फोल्डर साधारण १० दिवसांनी आपणहून काढून टाकते. डिस्कवर जागा कमी दिसते म्हणून डिस्क क्लीनअप चालवणाऱ्या मदतनिसांपासून तर विशेष सावध राहावे. फॉरमॅट केलेला असला तरी क्विक फॉरमॅटमध्ये साध्या हार्ड डिस्कवरचा मूळ मजकूर लगेच पुसला जात नाही, त्यामुळे हटवलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामांना थोडा वाव राहतो. पण त्यावर नवे विंडोज, नवे प्रोग्राम आणि अपडेट जितके लिहिले जातील तितका तो वाव कमी होतो.

दुसरे काम सोपे असते आणि म्हणूनच विसरले जाते. ईएफएसने बंद केलेली फाइल ईमेलला जोडली, की पाठवणाऱ्याच्या खात्यातून ती उघड्या स्वरूपातच वाचली जाते आणि तशीच पुढे जाते. त्यामुळे कर सल्लागाराला पाठवलेल्या जुन्या ईमेलमध्ये हिशोबाच्या प्रती सापडतात का, हे आधी पाहावे. येथे मार्चअखेरची एक प्रत तशी सापडली आणि पुढच्या पडताळणीला तिचा आधार मिळाला.

सुदैवाने या संगणकावर विंडोज.ओल्ड शिल्लक होता. कमांड प्रॉम्प्टवर सायफर ही आज्ञा स्लॅश सी या पर्यायासह आणि फाइलचे नाव देऊन चालवली, की ती फाइल कोणत्या प्रमाणपत्राने उघडेल त्याची खूण, म्हणजे थंबप्रिंट, चार-चार अक्षरांच्या गटांत दिसते. ही ४० अक्षरे मी वहीत उतरवून घेतली आणि जुन्या प्रोफाइलच्या ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, सिस्टमसर्टिफिकेट्स, माय, सर्टिफिकेट्स या मार्गाने आत गेलो. तेथील फाइलींना त्यांच्या थंबप्रिंटचेच नाव असते, त्यामुळे वहीतली अक्षरे एकेक करून जुळवता आली आणि ती शेवटपर्यंत जुळली. केवळ प्रमाणपत्र मात्र पुरेसे नसते. त्याची खासगी किल्ली क्रिप्टो फोल्डरमधल्या आरएसए या उपफोल्डरात असते आणि तिला उघडणारी मास्टर की प्रोटेक्ट या फोल्डरात असते. या दोन्हींच्या आत जुन्या एसआयडीच्या नावाचा फोल्डर दिसला, तर आशा बाळगायला हरकत नाही. तिन्ही गोष्टी आणि लॉगिनचा जुना पासवर्ड हाती असेल, तर एल्कॉमसॉफ्टच्या ॲडव्हान्स्ड ईएफएस डेटा रिकव्हरीसारखा प्रोग्राम या कामासाठीच बनवलेला आहे. जुना पासवर्ड येथे अत्यावश्यक ठरतो, आणि मालकांच्या हातातला तो कागद या टप्प्यावर कामी आला.

याच कारणाने स्थानिक खात्याचा पासवर्ड दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून रीसेट केला, तरीही ईएफएसच्या फाइली बंद होतात. जुना पासवर्ड देऊन तो रीतसर बदलणे आणि बाहेरून तो पुसून नवा लावणे यांत हा मोठा फरक आहे.

विंडोजमधल्याच बिटलॉकर या दुसऱ्या एन्क्रिप्शनची गोष्ट वेगळी आहे आणि तुलनेने सोपी आहे. तेथे संपूर्ण ड्राइव्ह बंद असतो. आधी तो आपोआप उघडत असेल तर ती सोय जुन्या विंडोजबरोबर संपते, पण ड्राइव्हचा पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की दिली की तो उघडतो. ही की अनेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते, तेव्हा आधी तेथे पाहावे. लिनक्सवर बोर्ग हा बॅकअपचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी किल्ली रिपॉझिटरीच्या, म्हणजे बॅकअपच्या साठ्याच्या, आतच ठेवली आहे की होम फोल्डरमधल्या स्वतंत्र कीफाइलमध्ये, एवढे नवी यंत्रणा टाकण्यापूर्वी तपासावे.

ईएफएसचा फोल्डर उघडल्यावर वाटले होते की काम संपले, पण त्याआधीच्या वर्षांचे बॅकअप सेव्हन-झिप या फाइली दाबून पासवर्डाने बंद करणाऱ्या प्रोग्रामने बांधलेले निघाले. या प्रकारात किल्ली कोठे साठवलेलीच नसते, ती दरवेळी पासवर्डापासून तयार होते, म्हणून विंडोज बदलण्याने काहीही बिघडायला नको होते. तरीही पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येत होता. पुतण्याने पासवर्ड मराठीत ठेवला होता आणि त्यात "शेतकऱ्याचा" हा शब्द होता. आता तो बदललेला असल्याने येथे लिहायला हरकत नाही. सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड दाखवण्याच्या चौकटीत खूण केली, तर पडद्यावर शब्द अगदी शुद्ध दिसत होता, आणि गोंधळ वाढला तो त्यामुळेच.

मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलन्त आणि मग य येतो. दुसऱ्या प्रकारात ०९३० क्रमांकाचा साधा र, हलन्त, त्यानंतर २००डी क्रमांकाचा न दिसणारा जोडक आणि मग य येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु सेव्हन-झिप अक्षरांचे आकार पाहत नाही, क्रमांक पाहते. जुन्या विंडोजवर पुतण्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे, डी आणि स्लॅश या कळांनी ऱ्य काढत असे, तर नव्या विंडोजवर कोणीतरी रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे साधन बसवून दिले होते आणि त्यातून दुसरा प्रकार उमटत होता. इनस्क्रिप्ट सुरू करून त्याच कळा दाबल्यावर फाइली उघडल्या. हे लक्षात आले नसते, तर अंदाज लावणारा प्रोग्राम चालवण्यात पावसाळा गेला असता, कारण सेव्हन-झिप प्रत्येक पासवर्डावर ५,२४,२८८ वेळा प्रक्रिया करूनच किल्ली बनवते आणि त्यामुळे तपासणीचा वेग फारच कमी राहतो. पासवर्ड मराठीत ठेवू नये असे माझे म्हणणे नाही, मात्र त्यात ऱ्य किंवा ऱ्ह असू नये, असे मी आता आमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

पुतण्याने नव्या विंडोजवर ईएफएसच वापरायचे ठरवले आहे. सर्टएमजीआर.एमएससी ही प्रमाणपत्रांची खिडकी उघडून, प्रमाणपत्र खासगी किल्लीसह पीएफएक्स फाइलमध्ये काढून ती दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे, पैकी एक काकूंच्या कपाटात आहे. सगळ्यात जुन्या वर्षाची एक सेव्हन-झिप फाइल मात्र कोणत्याही कळफलकाने उघडली नाही, आणि तिचा पासवर्ड ठेवणारा दुकानातला माणूस तेव्हाच नोकरी सोडून पुण्याला गेला होता. त्या वर्षाची सारी उधारी मालकांच्या लाल वहीत उतरवलेली आहे आणि बहुतेक वसूलही झालेली आहे, तेव्हा तिच्यामागे आणखी वेळ घालवू नये, असे मी त्यांना सांगितले.