दोन पोलीस आणि एक परमिट

बेल्जियममधल्या ल्यूवेन शहरातल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं आणि आईने त्याच संध्याकाळी पेढे वाटले. परमिटचा अजून पत्ता नव्हता.

बेल्जियममध्ये 2019 पासून कामाची आणि राहण्याची परवानगी एकाच अर्जात मिळते, सिंगल परमिट. अर्ज कंपनीच भरते, आपण फक्त कागद जमवायचे. पण निर्णय मात्र दोन: कामाचा ल्यूवेन ज्या प्रदेशात येतं त्या फ्लांडर्सचं सरकार घेतं, राहण्याचा ब्रुसेल्सचं इमिग्रेशन खातं. हे मला माहीतच नव्हतं. पहिला होकार आला तशी मी बॅगा काढल्या आणि पुढचे तीन आठवडे एचआरचं डोकं खाल्लं.

खरी दमछाक त्याआधीच झाली होती, पोलीस क्लिअरन्सपायी, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याच्या दाखल्यापायी. पासपोर्टवर पत्ता साताऱ्याचा, राहायला पुण्यात. हवालदार चौकशीला आले नेमके मी साताऱ्याला गेले होते तेव्हा. शेजारच्या काकूंनी सांगून टाकलं, "ती नसते हो इथे." झालं! रिपोर्ट उलटा गेला. मग खेटे, भाड्याचा करार, पुन्हा चौकशी. या वेळी काकूंना आधीच बजावून ठेवलं होतं. सर्टिफिकेट मिळाल्यावर त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का, शिवाय दूतावासाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून मेडिकल. दोन्ही कागद सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत, त्यामुळे उत्साहाच्या भरात फार आधी काढू नका.

शेवटी अनेक्स 46 आलं, म्हणजे मंजुरीचा कागद. त्यावर डी व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, सरळ मिळाला.

तिथे पोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची. मग खरंच त्या पत्त्यावर राहता का, हे बघायला वस्तीचा पोलीस घरी येतो. माझ्या बेलवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. तो आला, नाव दिसलं नाही, चिठ्ठी टाकून गेला. साताऱ्याची मुलगी दोन देशांच्या पोलिसांना सापडेना! नशीब, अनेक्स 49 हा तात्पुरता कागद हातात होता, त्यावर कामावर रुजू होता आलं.

बेलवर आणि टपालपेटीवर नाव चिकटवलं. दुसऱ्या खेपेला त्याने बेल पाहिली, पासपोर्ट पाहिला, खोलीत डोकावला आणि दोन मिनिटांत गेला. चहा विचारला, तर नको म्हणाला. पुण्याच्या हवालदारांनी दोन कप घेतले होते.